मेंदूचा एक भाग थोडा वेळ गप्प केला, तर उरलेला मेंदू काय करतो?

डोक्याजवळ चुंबक धरून मेंदूचा एखादा भाग काही मिनिटांपुरता 'बंद' केला आणि तरीही माणूस बोलत राहिला, बोटे अचूक हलवत राहिला, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. त्या वाचून दोन प्रश्न हमखास पडतात. जिवंत माणसाच्या मेंदूचा भाग असा बंद करता येतो तरी कसा? आणि तो बंद असतानाही काम सुरळीत चालले, तर मुळात त्या भागाचे काम तरी काय होते? पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. दुसरा मात्र दिसतो तितका साधा नाही, कारण त्यात एक गृहीतक दडलेले आहे: प्रत्येक कामाला मेंदूत एकच ठरलेली जागा असते आणि ती जागा अडली की काम अडते. हे गृहीतक साफ खोटे नाही, पण पूर्ण खरेही नाही.

पुढचे सगळे समजायला एक साधे चित्र डोळ्यांसमोर ठेवू. चार जण एक जड कपाट उचलून जिना चढत आहेत आणि मध्येच एकाची पकड निसटते. उरलेले तिघे कोणी काही सांगण्याआधीच आपापला जोर वाढवतात. कपाट कलते, पण पडत नाही. येथे बाहेरून नवा माणूस आलेला नाही आणि कोणी नवे कौशल्यही शिकलेले नाही. जे आधीपासून कपाटाला हात लावून होते, त्यांच्यातच भाराची फेरवाटणी झाली आहे. तात्पुरत्या अडथळ्याला मेंदू जे उत्तर देतो, ते बव्हंशी या प्रकारचे असते.

'बंद करणे' म्हणजे नेमके काय?

अशा पद्धती फार नव्या नाहीत. जुन वाडा या वैद्याने १९४९ मध्ये मांडलेल्या चाचणीत मानेतील धमनीतून गुंगीचे औषध सोडून मेंदूचा एक अर्धगोल काही मिनिटे निजवला जातो आणि तेवढ्या वेळात रुग्णाला बोलता येते का, हे पाहिले जाते. मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यविशारद रुग्ण जागा असताना त्याच्या उघड्या मेंदूला सौम्य वीजप्रवाहाचा स्पर्श करत, आणि भाषेशी संबंधित जागेवर स्पर्श झाला की रुग्णाचे बोलणे मध्येच थांबे. पण हे दोन्ही प्रकार शस्त्रक्रियेच्या गरजेपोटी आजारी माणसांवरच करता येत होते. निरोगी माणसाच्या मेंदूला बाहेरून, कातडीलाही न छेदता, अडथळा आणण्याची सोय झाली ती १९८५ मध्ये, जेव्हा इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय उद्दीपनाचे यंत्र वापरून दाखवले.

त्यामागचे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्येच सांगितले होते: बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीजप्रवाह निर्माण करते. डोक्यावर तारेचे एक वेटोळे धरतात आणि त्यातून सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ फार मोठा प्रवाह सोडतात. त्यामुळे उठणारे चुंबकीय क्षेत्र कवटीतून आरपार जाते आणि खालच्या मेंदूच्या पृष्ठभागात क्षीण प्रवाह जागवते. तेथील चेतापेशी, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशी, एकदम आणि अवेळी संदेश सोडू लागतात. शांतपणे बोलणे चालले असताना सभागृहात सगळ्यांनी एकाच वेळी ओरडावे तसे होते आणि चाललेले बोलणे हरवते. एका ठोक्याचा हा परिणाम सेकंदाच्या लहानशा अंशात संपतो. मात्र सेकंदाला एक या मंद गतीने दहा-पंधरा मिनिटे ठोके दिले, तर तो भाग नंतरही काही मिनिटे मंदावलेला राहतो. २००५ मध्ये वर्णन केलेल्या एका विशिष्ट लयीत ठोके दिल्यास अवघ्या ४० सेकंदांच्या उद्दीपनाचा परिणाम हालचालींच्या भागावर सुमारे एक तास टिकू शकतो.

म्हणून 'बंद केला' हा बातमीतला शब्द मला खटकतो. दिव्याचे बटण दाबावे तसे येथे काही होत नाही. तो भाग सुस्तावतो, त्याचे काम गोंधळते, एवढेच. शिवाय नेहमीच्या वेटोळ्याचा प्रभाव कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोचतो, त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या भागांना या पद्धतीने थेट हात लावता येत नाही.

धोक्याचे काय, हा प्रश्न योग्यच आहे. क्वचित प्रसंगी झटका येऊ शकतो, म्हणून अपस्माराचा इतिहास असलेल्या किंवा डोक्यात धातूचे उपकरण बसवलेल्या व्यक्तींना अशा प्रयोगांतून सहसा वगळतात आणि ठोक्यांची तीव्रता व संख्या यांच्या मर्यादा पाळतात. हेच तंत्र आता उपचारातही वापरले जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यावरील उपचारासाठी अशा यंत्राला २००८ मध्ये मान्यता दिली.

कामगिरी ढळली नाही, पण भार सरकला

आता मुख्य प्रयोगाकडे येऊ. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी व्यक्तींना एक सोपे काम दिले होते: पडद्यावर आकृती दिसली की ठरलेल्या नियमानुसार योग्य बोटाने कळ दाबायची. कोणती हालचाल करायची याची निवड करण्यात मेंदूच्या डाव्या बाजूचा, कपाळामागे काही अंतरावर असलेला एक पट्टा विशेष महत्त्वाचा असतो. त्या पट्ट्यावर सेकंदाला एक याप्रमाणे पंधरा मिनिटे चुंबकीय ठोके दिले आणि मग त्या व्यक्तींना एमआरआय यंत्रात ठेवून तेच काम करायला सांगितले. हे यंत्र येथे मेंदूच्या कोणत्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढला ते टिपते, आणि ओघ वाढणे ही तो भाग जास्त काम करत असल्याची खूण मानली जाते.

वरवर पाहता निकाल निराशाजनक होता, कारण कोणाचीच कामगिरी बिघडली नाही. प्रयोग फसला, ठोके पोचलेच नाहीत, असे म्हणून तो गुंडाळून ठेवता आला असता. पण यंत्रातील चित्र वेगळेच सांगत होते. उजव्या बाजूच्या जोडीदार पट्ट्यात आणि त्याच्याशी जोडलेल्या इतर भागांत काम वाढले होते, आणि तेही हालचालीची निवड करावी लागे तेव्हा. नुसते बोट हलवायचे असे साधे काम दिले, की ही वाढ दिसत नव्हती. थोडक्यात, मेंदू उगाच सगळीकडे तापला नव्हता. जे काम अडले होते नेमके त्याच कामाचा भार सरकला होता.

तरीही येथे शंकेला जागा उरते. उजवा भाग जास्त काम करताना दिसला, म्हणजे तो मदत करत होता हे कशावरून? कदाचित ती नुसती गडबड असेल, कपाट कलल्यावर बाजूला उभे असलेल्याने केलेला आरडाओरडा असावा तशी. हे तपासण्याची रीत एकच: मदत करतोय असे वाटणाऱ्याचा हातही क्षणभर सोडवून पाहायचा. संशोधकांनी तेच केले. डाव्या भागाला आधी मंदावून ठेवल्यावर उजव्या भागालाही चुंबकीय ठोक्याने अडवले, तेव्हा मात्र कामगिरी कोलमडली. भार खरोखरच त्या खांद्यावर आलेला होता. मला या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो, कारण मेंदूच्या रंगीत चित्रांवरून घाईने निष्कर्ष काढण्याची खोड या क्षेत्रात पुष्कळ आहे, आणि ती दुसरी पायरी नसती तर हा अभ्यासही त्याच पंक्तीत बसला असता.

भाषेबाबतही असेच दिसते. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूत डाव्या पुढच्या भागाची हानी दाखवल्यापासून तो भाग बोलण्याचे केंद्र म्हणून ओळखला जातो. जर्मनीतील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी व्यक्तींच्या याच भागाला तात्पुरते मंदावले आणि त्यांना अर्थहीन शब्द ऐकून पुन्हा उच्चारायला सांगितले. उजव्या बाजूच्या तशाच भागातील काम वाढले, आणि ज्यांच्या मेंदूत उजव्या भागाकडून डाव्याकडे जाणारा पाठिंबा अधिक होता, ते अधिक लवकर उत्तर देत होते. उजव्याने डाव्याची जागा बळकावली नव्हती. अडखळणाऱ्या डाव्यालाच त्याने हात दिला होता.

इतक्या लवकर नवे धागे कोठून आले?

मेंदूच्या लवचीकतेविषयी बोलताना 'नव्या जोडण्या तयार होतात' हे वाक्य इतके वापरले जाते, की वरच्या प्रयोगांतही तेच घडले असावे असे वाटते. पण चेतापेशींमधील नव्या जोडण्या वाढून पक्क्या व्हायला दिवस किंवा आठवडे लागतात. येथे सगळा खेळ काही मिनिटांचा आहे, म्हणजे वापरलेले धागे आधीपासूनच असले पाहिजेत.

ते होते तर एरवी दिसत का नाहीत? कारण निरोगी मेंदूत एकमेकांना आवरून धरणे हे एक मोठे काम सतत चाललेले असते. मेंदूचे दोन अर्धगोल सुमारे २० कोटी तंतूंच्या एका जाड पट्ट्याने जोडलेले आहेत, आणि त्या वाटेने एक बाजू दुसरीला नुसती माहितीच देत नाही, तर पुष्कळदा लगामही घालते. एका बाजूचा जोर ओसरला की दुसरीवरचा लगाम सैल होतो. २००२ मधील एका प्रयोगात निरोगी व्यक्तींचा एक हात तात्पुरता बधिर केला असता दुसऱ्या हाताची स्पर्श ओळखण्याची क्षमता तेवढ्यापुरती वाढलेली आढळली. त्या हाताला कोणी सराव दिलेला नव्हता.

डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसांचा प्रयोग याहून बोलका आहे. अमेरिकेत काही डोळस व्यक्तींच्या डोळ्यांवर पाच दिवस सलग पट्टी ठेवून त्यांना ब्रेल लिपी शिकवली गेली. पाचव्या दिवशी बोटांनी स्पर्श करताना त्यांच्या मेंदूचा मागचा, म्हणजे एरवी पाहण्याचे काम करणारा, भाग जागा होत असल्याचे दिसले, आणि त्या भागाला चुंबकीय अडथळा केला की ब्रेल ओळखताना चुका होऊ लागल्या. पट्टी काढल्यावर एका दिवसाच्या आत हे सगळे मावळले. पाच दिवसांत बोटांपासून मेंदूच्या मागच्या टोकापर्यंत नवी वाट बांधली गेली आणि एका दिवसात ती मोडूनही टाकली, हे संभवत नाही. वाट होतीच, डोळ्यांकडून येणाऱ्या माहितीच्या लोंढ्यापुढे ती दबलेली होती.

मदत कोणत्या मार्गाने येते, हे माणसात इतक्या बारकाईने पाहता येत नाही, पण उंदरात येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांना मिशांच्या स्पर्शावरून डावीकडे चाटायचे की उजवीकडे, हे ठरवून थोडे थांबायला शिकवले होते. थांबण्याच्या त्या वेळात निर्णय धरून ठेवणारा मेंदूचा भाग एका बाजूला प्रकाशाच्या साहाय्याने क्षणभर गप्प केला. अडथळा हटताच सेकंदाच्या आत त्या भागातील क्रिया पुन्हा योग्य निर्णयाकडे वळली, जणू विसरलेले कोणी कानात सांगितले. दोन्ही बाजू एकाच वेळी गप्प केल्या किंवा दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा छेदला, तर मात्र ही आठवण परत येत नसे. निर्णयाची एक प्रत पलीकडे शाबूत होती, आणि ती त्याच पट्ट्यातून परत येत होती.

याच्या जोडीला आणखी एक, जरा संथ यंत्रणा आहे. काचेच्या बशीत वाढवलेल्या उंदराच्या चेतापेशींना औषधाने दोन दिवस गप्प ठेवले, तर त्या येणाऱ्या संदेशांना अधिक जोराने प्रतिसाद देऊ लागतात, हे १९९८ मध्ये दाखवले गेले. समोरच्याचा आवाज बारीक झाला की आपण कानाला हात लावून ऐकतो, तसेच हे आहे.

मग एखाद्या भागावाचून अडत नाही, असे म्हणायचे का?

नाही. मेंदूचा दहा टक्केच भाग आपण वापरतो, ही लोकप्रिय समजूत या प्रयोगांचा आधार घेऊन पुन्हा डोके वर काढते, म्हणून याचे उत्तर नीट द्यायला हवे. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असतो आणि विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा खातो. इतक्या महागड्या अवयवात निकामी बसलेला मोठा साठा असण्याचे कारण नाही. मदतीला धावणारा भाग रिकामा बसलेला नसतो, त्याचे स्वतःचे काम असते. तिघांनी तोललेले कपाट पडत नाही, पण त्यांपैकी आणखी कोणाचा पाय घसरला तर सावरायला आता कोणी उरलेले नसते. ऑक्सफर्डच्या प्रयोगातील दुसरा ठोका हेच दाखवून गेला.

दुसरे असे, की सगळीकडे चार जण नसतात. डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदूत सर्वांत आधी जेथे पोचते, त्या भागाची एक बाजू गेली तर नजरेचा विरुद्ध बाजूचा अर्धा भाग अंधारतो, आणि पलीकडची बाजू ती उणीव भरून काढत नाही. काम जितके गुंतागुंतीचे आणि अनेक भागांत पसरलेले, तितकी फेरवाटणीला जागा जास्त; काम जितके प्रवेशद्वारावरचे, तितकी कमी.

आणि जेथे भरपाई होते, तेथेही ती बऱ्याचदा अपुरी असते. शस्त्रक्रियेत मेंदूच्या बाजूच्या खंडाचा पुढचा भाग तोडावा लागलेल्या दोन रुग्णांत, तो तोडण्याआधी आणि लगेच नंतर, मेंदूवर ठेवलेल्या विद्युतवाहकांनी घेतलेल्या नोंदी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. बोलणे ऐकताना उठणाऱ्या लहरी लगोलग बदलल्या होत्या, आणि उरलेल्या जाळ्याने केलेली भरपाई अर्धवटच होती.

आणि उलट बाजूने: काम बिघडले, म्हणजे ते तेथेच होत होते?

हा आक्षेप वाचकांकडून कमी येतो, पण तो अधिक धारदार आहे. एखादा भाग अडवताच एखादे कौशल्य बिघडले, तर ते कौशल्य त्या भागात राहते असे म्हणण्याचा मोह होतो. २०१५ मध्ये हार्वर्ड येथील संशोधकांनी उंदीर आणि गाणारे पक्षी यांच्यावरील प्रयोगांतून हा मोह किती फसवा आहे ते दाखवले. मेंदूचा ठरावीक भाग औषधाने तात्पुरता निष्क्रिय केला की प्राण्याचे शिकलेले कौशल्य बिघडे. पण तोच भाग कायमचा नष्ट केला, तर काही काळाने ते कौशल्य कोणत्याही सरावाशिवाय परत येई. कायमच्या हानीपेक्षा तात्पुरता अडथळा अधिक घातक, असे हे वरकरणी विचित्र चित्र आहे.

कपाटाकडे पुन्हा पाहा. एकाने अचानक हात सोडला की सगळेच हेलकावतात. त्यावरून सगळा भार त्याच्याच हातावर होता असे ठरत नाही. ज्या भागांना रोज तेथून संदेश मिळत असत, त्यांचाच तोल जातो, आणि त्यांना सावरायला वेळ मिळाला की काम पूर्ववत होते. दूरच्या एका भागाला इजा झाल्याने निरोगी भागही गांगरतो, ही कल्पना कॉन्स्टंटिन फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ मध्येच मांडली होती. पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांत जी काही सुधारणा झपाट्याने होते, तिचा एक वाटा या गांगरलेल्या भागांच्या सावरण्याचा असतो.

रुग्णाला याचा उपयोग काय, आणि धोका काय?

आधी धोका. मेंदू सावरतो हे वाचून कोणी एक चुकीचा निष्कर्ष काढू नये. अचानक तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडले आणि दहा मिनिटांत सगळे ठीक झाले, तर ते मेंदूने जुळवून घेतल्यामुळे असेलच असे नाही. बहुधा अडलेला रक्तप्रवाह आपोआप मोकळा झालेला असतो, आणि पुढच्या काही दिवसांत मोठा पक्षाघात येण्याची ती पूर्वसूचना असू शकते. लक्षणे गेली तरी तातडीने रुग्णालय गाठायला हवे.

दुसरी गोष्ट अशी, की जुळवून घेणे नेहमी आपल्या सोयीचे नसते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन निरोगी व्यक्तींच्या ज्या हाताने त्या लिहीत असत त्या हाताला दोन आठवडे प्लास्टर घातले होते. त्या हाताचे नियंत्रण करणारे मेंदूतील भाग काही दिवसांतच हालचालींच्या उरलेल्या जाळ्यापासून तुटल्यासारखे झाले, आणि प्लास्टर काढल्यावर तितक्याच लवकर पुन्हा जोडले गेले. वापर थांबला की मेंदू त्यालाही जुळवून घेतो. पक्षाघातानंतर रुग्ण सगळी कामे चांगल्या हाताने करू लागतो, दुबळा हात मागे पडतो, आणि कालांतराने तो हलू शकत असूनही वापरला जात नाही. म्हणून एका उपचारपद्धतीत चांगल्या हाताला दिवसाचे बरेच तास जाड हातमोजा घालून अडवतात आणि दुबळ्या हाताकडून कामे करून घेतात. पूर्वी तिघांनी सवयीने उचलून धरलेला भार चौथ्याच्या हातात जाणूनबुजून परत द्यावा, तसे हे आहे.

वेळेचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते मेंदूतील अगदी सावकाश वाढणाऱ्या गाठींत. पक्षाघातात जो भाग मिनिटांत जातो तोच भाग अशा गाठीने वर्षानुवर्षे कुरतडला, तर रुग्ण बऱ्याचदा जवळजवळ व्यवस्थित बोलत-चालत असतो, कारण भार हळूहळू सरकायला जाळ्याला सवड मिळालेली असते. अशा शस्त्रक्रियेत रुग्णाला मध्ये जागे करून आकडे मोजायला किंवा चित्रे ओळखायला सांगतात, आणि शल्यविशारद पेनफिल्ड यांच्याच रीतीने मेंदूवर जागोजागी सौम्य वीजप्रवाहाचा स्पर्श करत जातो. ज्या जागेवर मोजणे थांबते, तेथील गाठ तशीच सोडून दिली जाते. काही रुग्णांत काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करताना त्याच जागेला पुन्हा स्पर्श केला जातो, आणि या वेळी रुग्ण न अडखळता मोजत राहतो.